निवडीच्या आधीची निवड

मत देणे म्हणजे निवड करणे, असे आपण सहज धरून चालतो. मला मात्र एक शंका नेहमी छळते. ताटात काय वाढायचे हे दुसऱ्यानेच ठरवले असेल, तर डावे-उजवे करण्याचे माझे स्वातंत्र्य ते कितीसे?

अमेरिकेच्या इतिहासात ही शंका पावलोपावली भेटते. १७६३ च्या फेब्रुवारीत जॉन ॲडम्स यांनी बॉस्टनच्या ‘कॉकस क्लब’ची हकीकत रोजनिशीत नोंदवली आहे. एका गृहस्थांच्या माळ्यावर काही मंडळी जमत, तंबाखूचा धूर कोंडे, आणि गावाचे कारभारी कोण व्हायचे हे गावाने मते देण्यापूर्वीच तेथे ठरून जाई.

१७८७ च्या राज्यघटनेत अध्यक्ष कसा निवडावा हे बारकाईने लिहिले गेले. उमेदवार कोणी ठरवावा याविषयी मात्र एक अक्षरही नाही. वॉशिंग्टन होते तोवर हा प्रश्न उद्भवलाच नाही. पुढे पक्ष झाले आणि ती मोकळी जागा माळ्यावरच्या रीतीनेच भरली. १८०० पासून काँग्रेसचे सभासद पक्षवार बसून उमेदवार ठरवू लागले. १८१६ साली जेफर्सन यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या बैठकीत मन्रो यांना ६५ आणि क्रॉफर्ड यांना ५४ मते पडली. विरोधी पक्ष क्षीण झालेला. म्हणजे सहा माणसांची मने फिरती, तर साऱ्या राष्ट्राचा अध्यक्ष बहुधा दुसराच होता!

कोणी म्हणेल, यात वाईट ते काय? हजारो नावांतून दोन-चार कोणीतरी वेचलीच पाहिजेत, आणि ही मंडळी उमेदवारांना जवळून ओळखणारी. हे मला मान्य आहे. परंतु ज्या सभेवर अध्यक्षाने अंकुश ठेवायचा, तिचाच तो ऋणी झाला तर अंकुश बोथट होणार. शिवाय वेचणाऱ्यांना जाब कोण विचारणार?

१८२४ मध्ये लोकांनी तो विचारला. १४ फेब्रुवारीच्या बैठकीला अवघे ६६ जण आले. त्यांनी क्रॉफर्डना उभे केले, पण निर्वाचकांच्या मतांत ते तिसरे आले. ‘राजा कॉकस’ पदच्युत झाला. १८३१-३२ मध्ये बाल्टिमोरला पक्षांची राष्ट्रीय अधिवेशने भरली आणि दार थोडे रुंदावले.

दार रुंदावले, तरी खोली उरलीच, ती उरणारच. म्हणून मला वाटते, नागरिकाचे कर्तव्य मतपेटीपाशी सुरू होत नाही. नावे ठरत असतात तेव्हा आपण कोठे असतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.