हुंडणावळ आणि हुकूम

महाराष्ट्र मंडळातले व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी जी चर्चा रंगते, ती पुष्कळदा व्याख्यानापेक्षा अधिक मनमोकळी असते. परप्रांतात नोकरीनिमित्त राहिलेल्या आपल्या मंडळींत हिशेबखात्यातले, रेल्वेतले, आयकरातले, बँकांतले लोक बरेच. त्यांना आकड्यांची भीती वाटत नाही. गेल्या गणेशोत्सवात अशाच एका घोळक्यात रुपयाच्या घसरत्या दराचा विषय निघाला. बोलता बोलता एका वयोवृद्ध गृहस्थांनी, ज्यांनी उभी हयात सचोटीने सरकारी नोकरीत घालविली, शांतपणे असा अभिप्राय दिला की, पाच वर्षे देश लष्कराच्या हाती द्यावा, म्हणजे चलन आपोआप ताठ उभे राहील. कोणीही दचकले नाही. दोघातिघांनी मान डोलावली. आम्हीही त्या वेळी गप्पच राहिलो, आणि ते गप्प राहणे नंतर आम्हांला बोचत राहिले.

हा अभिप्राय मूर्खपणाचा म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. ज्याने तीस-पस्तीस वर्षे टिपणे लिहिली, नीट विचार करून वर पाठविलेली फाइल कुणाच्या तरी चिठ्ठीने उलटी फिरताना पाहिली, त्याला हुकुमाचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. जाणत्याने ठरवावे, ते तत्काळ व्हावे, मध्ये कुणी आडवे येऊ नये, हे स्वप्न प्रत्येक कर्तबगार अधिकाऱ्याने केव्हा ना केव्हा पाहिलेले असते. म्हणून प्रश्न सरळ मांडला पाहिजे. लष्करी राजवटीत चलन खरोखरच बळकट झाले, भाव स्थिरावले, कारभार शिकल्यासवरल्या माणसांच्या हाती गेला; तर त्याचे श्रेय त्या राजवटीच्या पदरात टाकावयाचे की नाही?

दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात हा प्रयोग साग्रसंगीत झालेला आहे. 11 सप्टेंबर 1973 रोजी तेथील सेनादलांनी राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार उलथून टाकले. त्या वर्षी भाववाढ पाचशे टक्क्यांच्या वर गेली होती. त्याही आधी, 1971 च्या अखेरीस, सान्तियागोच्या गृहिणी रिकामी भांडी बडवीत रस्त्यावर आल्या होत्या. तेव्हा आयेंदे यांचा आर्थिक कारभार सुरळीत चालला होता असे कुणी म्हणू नये. सेनापती पिनोशे व त्यांचे सहकारी यांना अर्थशास्त्र येत नव्हते. पण ते येणारे तरुण प्राध्यापक हाताशी होते. सान्तियागोच्या कॅथलिक विद्यापीठाने 1956 मध्ये शिकागो विद्यापीठाशी करार केला होता, त्यातून शिकून परतलेली ही पिढी. त्यांनी सत्तांतरापूर्वीच देशाच्या अर्थकारणाचा एक आराखडा लिहून ठेवला होता. तो इतका जाडजूड होता की त्याला ‘वीट’ असेच नाव पडले. सेनापतींनी ती वीट उचलली आणि पायात बसविली.

पुढचा भाग मोठा उद्बोधक आहे. 1975 मध्ये एक हजार एस्कुदोंना एक या प्रमाणात नवा पेसो आला. जून 1979 मध्ये अर्थमंत्री सर्जिओ दे कास्त्रो यांनी हुंडणावळीचा दर एका डॉलरला 39 पेसो असा पक्का ठोकून टाकला. डॉलर एका खुंटीला बांधला की बाहेरून येणाऱ्या मालाचे भाव बांधले जातील, आणि त्यांच्या धाकाने देशातले भावही आवरतील, असा त्यामागचा हिशेब. तो अगदीच चुकला असे नाही. 1980 मध्ये तीस टक्क्यांच्या आसपास असलेली भाववाढ 1981 मध्ये दहाच्या आत आली. मोटारींसारखे अपवाद वगळता आयातीवरील जकात सरसकट दहा टक्क्यांवर आणलेली होती. दुकाने परदेशी दूरचित्रवाणीसंचांनी आणि व्हिस्कीने भरली. पण देशातले भाव व मजुरी वाढत राहिली आणि डॉलर मात्र 39 लाच मिळत राहिला. म्हणजे पेसो महिन्यामहिन्याला प्रत्यक्षात अधिकच महाग होत गेला. त्याच सुमारास खुद्द डॉलरही जगाच्या बाजारात वर चढू लागला आणि पेसोला आपल्याबरोबर ओढून घेऊन गेला. देशी कारखानदार आणि शेतकरी आयात मालापुढे टिकेनात. तांब्याचे भाव उतरले. उलट डॉलरमध्ये कर्ज काढणे इतके स्वस्त झाले की न काढणाराच वेडा ठरावा. शेजारच्या अर्जेंटिनातही याच वर्षांत सेनापतींचेच राज्य होते आणि चलन असेच फुगलेले होते. तेथील प्रवासी मायामीच्या दुकानांत शिरून ‘दोन द्या’ असे म्हणत, म्हणून ‘दोन द्या’ हेच त्या काळाचे नाव होऊन बसले. नव्या संपन्नतेत माणूस किंमत विचारीत नाही, हे खरेच.

आणि नेमक्या याच भरात, 11 सप्टेंबर 1980 रोजी, चिलीत नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेण्यात आले. मतदारयाद्या नव्हत्या, राजकीय पक्षांना बंदी होती. पण खिशातला पेसो जड लागत होता. घटना संमत झाली.

1981 मध्ये साखरेच्या धंद्यातले एक बडे घराणे कोसळले. नोव्हेंबरात काही बँका सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या. एप्रिल 1982 मध्ये दे कास्त्रो पायउतार झाले. 14 जूनला डॉलर 39 वरून 46 वर गेला आणि वर्ष संपता संपता सत्तरीपलीकडे. ज्यांनी डॉलरमध्ये कर्ज काढून घर वा यंत्र घेतले होते, त्यांचे देणे सहा महिन्यांत जवळजवळ दुप्पट झाले. त्या एका वर्षात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे सातव्या हिश्श्याने घटले. सरकारी मदतकामांवर नाममात्र मजुरीत राबणारे धरले तर बेकारांचे प्रमाण एक चतुर्थांशाच्या वर गेले. जानेवारी 1983 मध्ये, सरकारने व्यापारात हात घालू नये असे सांगणाऱ्यांच्याच सरकारने मोठमोठ्या बँकांचा कारभार हाती घेतला. मे महिन्यात तांब्याच्या खाणकामगारांनी निषेधाची हाक दिली आणि त्या रात्री सान्तियागोत पुन्हा भांडी वाजली. या वेळी ती सेनापतींविरुद्ध होती.

एवढ्यावर आम्ही थांबलो आणि ‘पाहा, लष्कराला चलन कळत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर आमचे ते वयोवृद्ध स्नेही आम्हांला सहज चीत करतील. ते म्हणतील, 1925 मध्ये चर्चिलसाहेबांनी पौंड जुन्या सोन्याच्या दराला नेऊन बसविला आणि इंग्लंडच्या खाणी व गिरण्या जेरीस आणल्या, ते सरकार निवडलेलेच होते ना? अर्जेंटिनात 1991 पासून दहा वर्षे ‘एक पेसो म्हणजे एक डॉलर’ हा हट्ट चालला आणि 2001 च्या अखेरीस लोकांच्या ठेवी गोठल्या, तेव्हा कुठे सेनापती होते? शिवाय 1985 नंतर त्याच पिनोशेंच्या राजवटीत, एर्नान ब्युची हे अर्थमंत्री असताना, चिलीची गाडी पुन्हा रुळावर आली आणि चांगली धावली. हे सारे खरे आहे आणि ते कबूल केलेच पाहिजे. चूक करण्याचा मक्ता गणवेषाकडे नाही.

मग आमचा आक्षेप कशावर? तो ‘बळकट’ या शब्दावर आहे. चलन म्हणजे काही तालमीतला पैलवान नव्हे, की त्याचे दंड फुगले म्हणजे साऱ्या गावाने आनंद मानावा. चलन महाग होते तेव्हा कुणाला तरी स्वस्त मिळते आणि कुणाचे तरी खपेनासे होते. ही वाटणी आहे; आणि वाटणीत पहिला प्रश्न ‘किती’ हा नसून ‘कुणाला’ हा असतो. हे आपल्याला परक्या देशाकडून शिकण्याची गरज नाही. 1926 मध्ये हिल्टन यंग आयोगाने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स ठेवण्याची शिफारस केली, तेव्हा आयोगाचे सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून एक शिलिंग चार पेन्सांचा आग्रह धरला. दोन पेन्सांचे ते भांडण वर्षानुवर्षे चालले, कारण ते दोन पेन्सांचे नव्हतेच. रुपया चढा ठेवला की विलायतेस पाठवावयाच्या सरकारी देण्याचा भार हलका होई, गोऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून मायदेशी जाणारा पैसा अधिक पौंड होऊन पोहोचे आणि लँकेशायरचे कापड येथे स्वस्त पडे; निर्यातीच्या पिकावर जगणारा शेतकरी आणि मुंबईची गिरणी यांच्या हाती मात्र कमी रुपये येत. त्या दराला ‘भक्कम रुपया’ म्हणणारे खोटे बोलत नव्हते. तो भक्कम होताच; प्रश्न होता तो कुणासाठी. त्याच आयोगापुढे डॉ. आंबेडकरांचीही साक्ष झाली होती. 1923 च्या रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात त्यांनी चलनाची सूत्रे सरकारच्या मर्जीवर सोडण्याविषयी जो अविश्वास दाखविला, तो केवळ परकीय सरकारपुरता होता असे आम्हांला वाटत नाही.

चिलीत ही वाटणी कशी झाली? मजूर संघांचे कंबरडे आधीच मोडलेले, संसद बंद, पक्ष बंद. ज्याची गिरणी आयातीने बंद पडली त्याने कुठे जावे? अर्थतज्ज्ञांना मर्यादित वर्तुळात टीका करता येत असे, हे नमूद केले पाहिजे. ‘सिएप्लान’ ही संशोधनसंस्था 1976 पासून सान्तियागोतच काम करीत होती. पण आकडे मांडणाऱ्याची टीका खपवून घेतली जाते आणि किंमत मोजणाऱ्याची नाही, हीच तर या व्यवस्थेची गोम आहे. आयेंदे यांचे माजी मंत्री ओर्लांदो लेतेलियेर यांनी ऑगस्ट 1976 मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहून नेमका हाच मुद्दा मांडला: बाजार मोकळा करणे आणि माणसे तुरुंगात घालणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, पहिलीला दुसरीची गरज आहे. त्यानंतर महिनाभरातच, 21 सप्टेंबरला, वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या मोटारीत बाँब फुटला. त्यांच्याबरोबर त्यांची एक तरुण सहकारीही मेली. हा घात चिलीच्या गुप्त पोलिसांचा होता.

आता कुणी म्हणेल की लष्करी राजवट सर्वांनाच सारखी बहिरी असते. तसेही नसते. थायलंडचे उदाहरण घ्या. तेथे 19 सप्टेंबर 2006 रोजी सेनेने सत्ता घेतली. त्या वर्षी बाहेरचा पैसा येऊन बाट हे चलन सारखे वर चढत होते आणि निर्यातदार रडकुंडीला आले होते. म्हणून 18 डिसेंबरला मध्यवर्ती बँकेने फर्मान काढले की, बाहेरून येणाऱ्या रकमेपैकी तीस टक्के वर्षभर बिनव्याजी अडकवून ठेवले जातील. दुसऱ्या दिवशी बँकॉकचा शेअरबाजार जवळजवळ पंधरा टक्क्यांनी कोसळला, आणि त्याच संध्याकाळी अर्थमंत्र्यांनी शेअरांतल्या गुंतवणुकीपुरती ती अट मागे घेतली. रणगाड्यांच्या राज्यात भांडवलाने तोंड उघडले आणि दिवस मावळण्याच्या आत त्याचे ऐकले गेले. चिलीच्या खाणकामगाराला त्यासाठी दिवाळे निघेपर्यंत थांबावे लागले. म्हणजे हुकुमाच्या राज्यातही सर्वांचे कान बंद नसतात. पैशाची कुजबुज ऐकू येते. जो पैसा उचलून दुसऱ्या देशात नेऊ शकत नाही, ज्याच्यापाशी मत आणि संप याखेरीज दुसरे काही नाही, फक्त त्याचाच आवाज काढून घेतलेला असतो.

याच्या उलट आपल्याकडचे 1966 साल आठवावे. 6 जूनला डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. विरोधी पक्ष तुटून पडलेच, खुद्द काँग्रेसमध्येही संताप उसळला. सरकारची अब्रू निघाली. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेसचे बळ घटले, जरी त्याला दुष्काळासारखी इतरही कारणे होती. कारभाराच्या दृष्टीने हा प्रकार सुबक मुळीच नव्हता. पण ज्याला महाग पडले तो कुठेतरी ओरडू शकला आणि ज्याने निर्णय घेतला त्याला उत्तर द्यावे लागले. आम्हांला तर चिंतामणराव देशमुखही आठवतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री, आय. सी. एस. मधला माणूस, हुकुमाची शिस्त अंगी बाणलेली. 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मतभेद झाला तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि भर लोकसभेत उभे राहून तो का दिला ते सांगितले. प्रश्न चलनाचा नव्हता, हे खरे. तथापि जाणत्या अधिकाऱ्याला पद सोडताना सभागृहात उभे राहून कारण सांगता यावे, ही सोय ‘वीट’ लिहिणाऱ्या विद्वानांपाशी नव्हती. त्यांना ती कधी हवीशी वाटली की नाही, हा प्रश्न आम्हांला अधिक छळतो. विरोध ऐकावा लागत नाही अशा खोलीत बसून काम करणे फार सुखाचे असते. आपली टिपणे तेथे एकदाही परत येत नाहीत.

चिलीत 1990 मध्ये निवडून आलेले सरकार आले. ‘सिएप्लान’चे आलेहान्द्रो फॉक्सले अर्थमंत्री झाले. त्यांनी बाजाराची घडी मोडली नाही. पण गरिबांवरच्या खर्चासाठी कर वाढवावयाचे ठरविले, आणि त्यासाठी विरोधकांशी वाटाघाटी करून, देवाणघेवाण करून, संसदेची संमती मिळविली.

हे सारे आम्ही त्या वयोवृद्ध गृहस्थांना पुढच्या भेटीत सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकून घेतले. मग चष्मा पुशीत ते म्हणाले, ‘‘ठीक आहे. पण त्या वाटाघाटींत वेळ किती गेला असेल हो?’’ गेला असेल, असे आम्ही म्हणालो. त्यावर ते काही बोलले नाहीत. वाद मिटला असे नाही. पुढच्या रविवारी कार्यकारिणीच्या सभेत वर्गणीवाढीचा ठराव आहे, आणि त्याला त्यांचा कडवा विरोध आहे.