ऋण कोणाचे?

बेळ्ळंदूरसारख्या दूरच्या ठिकाणी पहिल्या तारखेस वेतन घेणारे आम्ही नोकरदार बालगंधर्वांना (१८८८–१९६७) ‘व्यवहारशून्य’ ठरवून मोकळे होतो. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. तिकिटांचा पैसा भरजरी शालूंत, अत्तरात, थिरकवाँसारख्यांच्या साथीत ओतला गेला. १९२१ मध्ये कर्जाचा डोंगर पुढे आला, तेव्हा तो फेडण्याचे दायित्व त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले. आणि त्याच वर्षी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांसह संयुक्त ‘मानापमान’ही केले! पुढे १९३५ च्या ‘धर्मात्मा’नंतरही त्यांचे मन रंगभूमीकडेच ओढ घेत राहिले.

ऋण काढून सण करावा, असे आमचे म्हणणे नाही. सावकाराचा पैसाही कोणाच्या तरी घामाचाच असतो. परंतु तो शालू नटाच्या अंगावर असला, तरी डोळे निवत होते ते प्रेक्षकांचे. आमच्या वडीलधाऱ्यांनी तिकिटाच्या दराहून कितीतरी अधिक घरी नेले, आणि तिकीट काढले एवढ्यावर आपले देणे फिटले असे मानले. कर्जाच्या वहीत मात्र नाव एकाच माणसाचे राहिले.