दराला सुनावणी, रेषेला नाही

कामानिमित्त दिल्लीला आले की मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात उतरते आणि सकाळी इंडिया गेटपर्यंत चालून येते. रस्ता रुंद आहे, दोन्ही बाजूंना झाडं आहेत, कॅनॉट प्लेसच्या टोकाला उंच कचेऱ्या आहेत. मान वर करून पाहिलं तर उच्चदाबाचा एकही मनोरा दिसत नाही. दिल्लीला लागणारी बहुतेक वीज बाहेरून येते. यमुनेकाठचं इंद्रप्रस्थ औष्णिक केंद्र बंद झालं, 2018 मध्ये बदरपूरचंही झालं. इथल्या हवेत राहणाऱ्या माणसांसाठी ते करायलाच हवं होतं. वीज मात्र लागतेच, आणि ती कुणाच्या तरी शेतावरून येते.

मागच्या खेपेला याच रस्त्यावर असताना सोलापूरहून मामांचा फोन आला. त्यांच्या रानात काही वर्षांपूर्वी एक टॉवर उभा राहिला. तो येणार हे त्यांना कळलं तेव्हा बांधावर चुन्याच्या खुणा पडल्या होत्या. मग तलाठी आले, पिकाचा पंचनामा झाला, काही महिन्यांनी चेक मिळाला. टॉवरच्या चार पायांमधली जागा आज पडून आहे. ट्रॅक्टर तिथं वळत नाही, म्हणून भोवतीच्या दोन-तीन सऱ्याही सुटतात. पावसाळी हवेत तारा किर्र वाजत राहतात. आता गावात बोललं जातंय की शेजारून आणखी एक लाइन जाणार.

“तू दिल्लीत हायेस न्हवं? मग इचार की कुणाला तरी,” मामा म्हणाले. “मागल्या टायमाला आधी इचारलं असतं तर वरच्या पडीकातनं न्हेली असती लाइन. समदं दगडाचंच रान हाय तिथं.”

ते पडीक मी पाहिलेलं आहे. मामांच्या विहिरीपासून फार तर तीनशे पावलांवर. लाइन तिथून नेणं शक्य होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. कोन बदलला की टॉवर जड होतो, खर्च वाढतो, हे मला कळतं. पण हा प्रश्न ज्याला सुचला असता त्याला कुणी विचारलंच नाही, आणि माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं.

वीज या विषयात लोकांनी बोलायचं असतं हे महाराष्ट्राने फार किंमत मोजून शिकून घेतलं. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार 1993 मध्ये झाला तेव्हा त्यातली कलमं सामान्य माणसापासून लांब होती. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेत गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातलं गणित उकलून लोकांपुढे ठेवलं. 2001 मध्ये ती महागडी वीज घेणं राज्याला थांबवावं लागलं. दरम्यान 1999 मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला होता, आणि त्याच्या जाहीर सुनावण्यांत शेतकरी, यंत्रमागवाले, ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते उभं राहून वीज मंडळाच्या गळतीचे आकडे तपासू लागले. 2003 च्या वीज कायद्याचं 64 वं कलम सांगतं की दर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेतल्याच पाहिजेत. युनिटमागे दहा पैसे वाढणार असतील तरी आपल्याला बोलायचा हक्क आहे. मला ही फार मोठी कमाई वाटते.

पण दराला सुनावणी आहे, रेषेला नाही.

त्याच कायद्याच्या 164 व्या कलमाने सरकार पारेषण कंपनीला 1885 च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. त्या जुन्या कायद्याच्या 10 व्या कलमाप्रमाणे जमीन संपादन करायची नसते, फक्त वापरायची असते. खांब रोवावा, तार ओढावी, नुकसान शक्य तितकं कमी करावं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी. मालकाची संमती आधी घ्यावी, असं त्यात नाही. मालक आडवा आला तर जिल्हा दंडाधिकारी, भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीश. ज्या रस्त्यावर मी चालत होते त्याचं नाव एकेकाळी कर्झन रोड होतं. रस्त्याला कस्तुरबांचं नाव मिळालं, पण साहेबाच्या काळातलं हे कलम शाबूत राहिलं. 2023 मध्ये दूरसंचाराचा नवा कायदा आला तेव्हाही पारेषण वाहिन्यांपुरता जुन्या कायद्याचा तो भाग जिवंत ठेवला गेला.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. कोळशाचं मोठं केंद्र उभं करायचं असेल तर 2006 च्या पर्यावरणीय अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागते. मांडव पडतो, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी बसतो, चित्रीकरण होतं, इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. अशा सुनावण्या गुंडाळल्या जातात हे खरं, तरी तिथे माणसाचं म्हणणं कागदावर येतं. शेकडो हेक्टरांवरच्या सौर प्रकल्पाला ही सुनावणी लागत नाही. पवनचक्क्यांना नाही, पारेषण वाहिनीलाही नाही. जंगलातून जाणाऱ्या वाहिन्या आणि रस्त्यांसारख्या प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतूनही 2013 च्या एका परिपत्रकाने बहुतांशी मोकळं केलं. सूर्य आणि वारा स्वच्छ आहेत, पण त्यांच्यासाठी लागणारी जमीन कुणाची तरी आहे. गायरानावर पॅनेल बसले की धनगराची मेंढरं कुठे जाणार, हा प्रश्न विचारायला सरकारी मांडव लागत नसेल तर तो रस्त्यावर विचारला जातो. कधी त्याहून वाईट होतं. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील वीजप्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकले आणि जानेवारी 2018 मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं. ते वाचले नाहीत. त्यांचं वय चौऱ्याऐंशी होतं.

मोबदल्याच्या बाजूने काहीच हललेलं नाही असं नाही. केंद्राच्या 2015 च्या सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त 15 टक्के होते. जून 2024 मध्ये ते अनुक्रमे 200 आणि 30 टक्के झाले. 765 केव्हीच्या दुहेरी वाहिनीखालचा पट्टा सुमारे 67 मीटर रुंद असतो, त्यात घर बांधता येत नाही, आंबा वाढू देता येत नाही. म्हणून ही वाढ हवीच होती. पण ‘किती’ या प्रश्नाला उत्तर मिळालं म्हणून ‘कुठून’ या प्रश्नाला मिळत नाही. पैसे घेऊन झाले की बोलणं संपलं, असं मामांना कधीच वाटलं नाही.

‘कुठून’ हा प्रश्न ऐकला गेला की काय होतं ते गोव्याने दाखवलं. छत्तीसगडमधल्या तमनारचं नाव असलेल्या प्रकल्पाची 400 केव्ही वाहिनी मोलेच्या अभयारण्यातून नवी वाट कापून नेण्याचं ठरलं होतं. 2020 मध्ये विद्यार्थी, वैज्ञानिक, चित्रकार, गावकरी त्याविरुद्ध उभे राहिले. जंगलातून 220 केव्हीची एक वाट आधीच गेलेली होती. केंद्रीय सक्षम समितीने एप्रिल 2021 च्या अहवालात नवी वाहिनी त्याच पट्ट्यातून न्यावी असं सुचवलं आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. वीज अडवली गेली नाही, वाट बदलली. मात्र त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. जे नकाशावर पेन्सिलने झालं असतं ते वकिलांच्या हातून झालं, तेही निविदा निघून गेल्यावर. सोलापूरच्या एका पडीक रानासाठी कोण न्यायालयात जाईल?

घाई मला समजते. 2030 पर्यंत बिगरजीवाश्म वीजक्षमता 500 गिगावॉटवर न्यायची आहे. त्यासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने डिसेंबर 2022 मध्ये मांडलेल्या आराखड्यात सुमारे 51 हजार सर्किट किलोमीटर वाहिन्या आणि 2.44 लाख कोटी रुपये खर्च आहे. राजस्थानात, गुजरातेत सौर केंद्रं तयार होतात आणि वाहिनी नाही म्हणून वीज वाया जाते, हे मला पाहवत नाही. या वाहिन्या झाल्या पाहिजेत. पण त्या रखडतात त्याचं एक मोठं कारण वाटेतल्या जमिनीचे तंटेच असतं. आधी विचारायला वेळ नाही म्हणून नंतर पोलीस बंदोबस्त मागवायचा, यात वेळ कुठे वाचला? जर्मनीत उत्तरेकडची पवनवीज दक्षिणेला नेणाऱ्या ‘झुडलिंक’ वाहिनीला गावोगाव विरोध झाला, शेवटी ती जमिनीखालून न्यायचं ठरलं आणि कैक वर्षं गेली. तिथे आता भविष्यात वीज किती लागेल या अंदाजापासूनच लोकांची मतं मागवतात, रेषा त्यानंतर येते.

आपल्याकडेही कायद्यात एक दार आहे. वीज कायद्याच्या कलम 3 प्रमाणे राष्ट्रीय विद्युत आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून जनतेच्या सूचना आणि हरकती मागवाव्या लागतात. जनता हा शब्द तिथे आहे. पण तो मसुदा शेकडो पानांचा असतो, त्यात एका उपकेंद्रापासून दुसऱ्या उपकेंद्रापर्यंत बाण असतात आणि मधली गावं नसतात. मग निविदा निघतात. त्या काढणारी एक सरकारी कंपनी ज्या पॉवर फायनान्स कॉर्पोरेशनची आहे, तिचं मुख्यालय याच रस्त्याशेजारी बाराखंबा लेनवर आहे. वर्तमानपत्रात गावांच्या नावांची बारीक अक्षरातली यादी येते तोवर सगळं ठरत आलेलं असतं. मला वाटतं, निविदेच्या आधी, ढोबळ मार्गाची पाहणी चालू असतानाच दोन-तीन पर्यायी रेषा गट नंबरांसकट मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागाव्यात आणि दर सुनावणीसारखी सुनावणी तालुक्याच्या गावी व्हावी. हरकत नाकारायची असेल तर कारण लेखी मिळावं. नकाराधिकार मी मागत नाही. मामाही मागत नाहीत.

त्या संध्याकाळी सदनातल्या खोलीत बसून मी त्यांना पुन्हा फोन लावला आणि ते सांगत गेले तसं कागदावर काढत गेले. ओढा, ओढ्यापलीकडे म्हसोबा, त्याच्यामागे दोन विहिरी, एक बंद आणि एक बारमाही पाण्याची, सोनारांची डाळिंबाची बाग, मेंढरांची वाट, आणि वरच्या अंगाला ते दगडाचं पडीक. “आन् बारमाही हिरीवरनं न्हेऊ नगा म्हणावं,” ते म्हणाले, “उन्हाळ्यात आख्खी वस्ती तिथलंच पाणी पिती.” मी विहिरीभोवती गोल काढला आणि शेजारी तेवढंच लिहिलं.