वरच्या शेताचा हक्क

पावसाळ्यात आपण कुटुंबासह भंडारदऱ्याला जातो, रंधा धबधबा पाहतो आणि अल्लाहच्या कुदरतीचे कौतुक करीत परततो. हाच परिसर एकदा मे महिन्यात पाहावा. भोवतालच्या डोंगरवाड्यांतील महादेव कोळी व ठाकर समाजाच्या स्त्रिया हंडाभर पाण्यासाठी चालताना दिसतील.

प्रवरेवरील हे धरण १९१० मध्ये बांधायला घेतले व १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्यात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते. ओझरच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांनी सखल मुलखात जाते. त्यावर ऊस पिकला, लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, बाजारपेठा फुलल्या. हा विकास खोटा नाही. परंतु ज्यांच्या डोंगरावर तो पाऊस पडतो, त्यांच्या वाट्याला काय आले?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण झाले, तेव्हा सुमारे ५७ हजार टोंगा लोकांना घरे सोडावी लागली. वीज खाणींना व शहरांना मिळाली. त्यांच्या अनेक वस्त्या अंधारातच राहिल्या.

कोणी म्हणेल, थोड्यांच्या नुकसानीतून पुष्कळांचे भले झाले. अशा बेरजेने हिशेब जुळतो, न्याय जुळत नाही. मदीनेत पाटाच्या पाण्यावरून हजरत जुबैर (रजि.) आणि एका अन्सारींचा वाद झाला. तेव्हा वरच्या शेताने आधी भिजवून मग पाणी खाली सोडावे, असा निवाडा प्रेषित (सल्ल.) यांनी दिला. म्हणजे वरच्याने पाणी अडवू नये, आणि त्याला डावलूही नये. संपत्ती धनवंतांमध्येच फिरत राहू नये, ही सूरह हश्रमधील शिकवणही याच न्यायाची आहे.

ही ताकीद सरकारपुरती समजून आपण मोकळे होऊ शकत नाही. संगमनेर-श्रीरामपूरच्या बाजारात आपली दुकाने आहेत. त्यांच्या गल्ल्यात प्रवरेचे पाणीच पैसा होऊन येते. हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन लोकांसाठी खुली केली. एखाद्या डोंगरवाडीत पाण्याची टाकी बांधण्याइतका सदका आपल्या एका मोहल्ल्यातून सहज जमू शकतो. शेजाऱ्याचा हक्क त्याचा धर्म विचारत नाही. मात्र देताना उपकाराची भाषा नको. उशिरा का होईना, आपण वरच्या शेताचे देणे फेडीत आहोत.