घडी आणि दडपण

मराठी भाषेत ‘घडी’ हा शब्द मोठा अर्थसंपन्न आहे. वस्त्राची घडी असते, तशी संसाराचीही असते. घराची घडी बसली म्हणजे सुख लाभले असे आपण मानतो. ती विस्कटली म्हणजे घरावर संकट आले असे समजतो. परंतु घडी बसते म्हणजे नेमके काय होते? माणसे आणि वस्तू आपापल्या जागी येतात, की केवळ नजरेआड दाबल्या जातात? हा प्रश्न आमच्यापुढे एखाद्या ग्रंथातून आला नाही. तो एका जुन्या जीपगाडीच्या कापडी हुडातून आला.

जीप मराठवाड्याला अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धात रणांगणासाठी निर्माण झालेले हे वाहन भारतात महिंद्रा कंपनीने आणले आणि ते आपल्या खडबडीत रस्त्यांवर रुळून गेले. सरकारी अधिकारी, डॉक्टर, धर्मगुरू, बागायतदार अशा साऱ्यांनी ते वापरले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदे कोसळली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्यांना कितीतरी दिवस कापडाच्या आणि पत्र्याच्या आडोशाला राहावे लागले. कापडी छपराचे मोल लातूरकरांना निराळे सांगायला नको. २०२० नंतर आलेल्या नव्या थार गाडीलाही घडी होणारे कापडी छप्पर मिळत होते. पण आम्ही सांगतो आहोत ती गाडी जुनी, जाड कॅनव्हासच्या हुडाची आणि वाकवलेल्या लोखंडी नळ्यांच्या कमानींची.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात लातूरहून नांदेडला एक उंच लाकडी कपाट न्यायचे होते. हूड पाडल्यावाचून ते गाडीत मावणे शक्य नव्हते. आमचा चालक जेवायला गेला होता. आभाळ भरून आले होते आणि चाकूर, अहमदपूर, लोहा असा सारा रस्ता अजून पुढे होता. आम्हाला धीर धरवला नाही. काचेच्या चौकटीवरची बकले सोडून आम्ही हूड मागे लोटले. ते अर्ध्यावर अडले. आम्ही गुडघ्याने दाबले, मग चक्क त्यावर बसलो आणि काथ्याच्या दोरीचे चार वेढे आवळले. वरून पाहिले असता घडी अगदी नेटकी दिसत होती! चालक परतला, त्याने एकदा हुडाकडे पाहिले आणि काही न बोलता गाडी सुरू केली.

दिवाळीच्या सुमारास हूड पुन्हा पाडण्याची वेळ आली, तेव्हा ते काही केल्या नीट बसेना. डावी बाजू खाली जाई, उजवी वीतभर वर राही. बिजागरीपाशी कापड फाटलेले होते. आम्ही घरच्या मंडळींसमोर आणि दोन शेजाऱ्यांसमोर चालकाला निष्काळजी ठरवले. दुरुस्तीचा अंदाजे खर्च तीन महिन्यांच्या पगारातून कापून घेतला. तो मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या मौनाचा अर्थ आम्ही कबुली असा लावला. जूनमधल्या त्या दुपारची आठवण आम्हाला झाली नाही, असे लिहिणे सोयीचे होईल. खरे सांगायचे तर ती पुसटशी झाली होती. आम्ही तिला पुढे येऊ दिले नाही.

पुढे नांदेडला गाड्यांच्या बैठकी आणि हूड शिवणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे गाडी नेली. त्याने कापडाला हात लावण्याआधी एक सुतळी घेतली आणि चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत ताणून गाठ मारली. मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली. दोन बोटांचा फरक पडला. तो म्हणाला, “साहेब, कापडाचा काही दोष नाही. उजवी कमान वाकलीय. गाडी चालवून कमान अशी वाकत नाही. घडी चुकीची घालून वरून कुणीतरी जोर दिलाय.”

आम्ही गप्प राहिलो. आता मान खाली घालण्याची पाळी आमची होती.

त्याने आम्हाला घडीचा क्रम समजावून सांगितला. आधी पुढची बकले सोडायची, मग बाजूंची बटणे आणि पट्टे सैल करायचे. मागच्या पारदर्शक पडद्याला मऊ फडके लावून तो सपाट ठेवायचा. उन्हाने कडक झालेले प्लास्टिक मुडपले की तडकते. कमान मागे जाऊ लागली की दोन कमानींच्या मधले कापड हाताने बाहेर ओढून घ्यायचे, म्हणजे ते बिजागरीत चिमटत नाही. ओले हूड घडी घालून ठेवायचे नाही, त्याला बुरशी धरते. आणि कुठे अडले तर जोर करायचा नाही; थांबून, कुठे अडले ते पाहायचे. “अडतंय म्हणजे ते काहीतरी सांगतंय,” एवढेच तो म्हणाला.

आमची चूक या एका वाक्यात होती. हूड अडले तेव्हा त्याने काही सांगितले होते. चालक गप्प उभा राहिला तेव्हा त्याचे मौनही काही सांगत होते. दोन्ही वेळा आम्ही ऐकण्याऐवजी दाबले, आणि दोन्ही वेळा वरून सारे नेटके दिसले. ज्याची भाकरी आपल्या हाती आहे त्याचे गप्प राहणे ही संमती नव्हे, हे समजण्यास आम्हाला एक वाकडी कमान पाहावी लागली.

येथे कोणी विचारील, मग घरात धाक नकोच काय? शिस्तीवाचून कोणती घडी बसते? हा आक्षेप रास्त आहे. हुडालाही ताण लागतो. पट्टे सैल राहिले तर कापड वाऱ्याने फडफडते, त्यावर पाणी साचते आणि ते लवकर फाटते. परंतु ताण आणि दडपण यांत भेद आहे. ताण साऱ्या कमानींवर सारखा वाटला जातो आणि त्याने छप्पर उभे राहते. दडपण एका जागी पडते, आणि ती जागा बहुधा सर्वांत दुबळी असते. ज्या शिस्तीचा भार घरातील वडीलधारेही वाहतात ती शिस्त ताणासारखी. जिचा सारा भार सुनेवर, धाकट्या भावावर किंवा नोकरावर पडतो, तिला शिस्त हे नाव आपण केवळ सोयीसाठी देतो. अशा घरात भांडणे ऐकू येत नाहीत, आणि आपण म्हणतो, काय छान घडी बसली आहे!

कारागिराने वाकडी कमान सोडवून डाव्या कमानीशी पडताळत हळूहळू सरळ केली आणि बिजागऱ्यांना तेल दिले. फाटलेल्या जागी लावायचा नव्या कॅनव्हासचा तुकडा मात्र त्याने लगेच शिवला नाही. तो बादलीत भिजत टाकला आणि दुसऱ्या दिवशी वाळवून घेतला. कोरे सुती कापड पाण्याने आटते. न भिजवता शिवले तर पहिल्याच पावसात ते जुन्या कापडाला ओढून अधिक फाडते. प्रभू येशूने जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावण्याविषयी जे सांगितले, ते आपण शुभवर्तमानात अनेकदा ऐकले आहे. ते शिवणकामाचेही रोकडे सत्य आहे, हे आम्हाला त्या दुकानात उमगले.

त्या रात्री आमच्या मनात एक सोपा मार्ग आला होता. कापलेली रक्कम पाकिटात घालून सणाची बक्षिसी म्हणून चालकाच्या हाती द्यावी. त्याचे पैसे त्याला मिळतील आणि आमची मानही राहील. पण हे कोरे ठिगळच झाले असते. दोष चारचौघांत लावायचा आणि भरपाई गुपचूप करायची, यात पैसा परत जातो, अब्रू परत जात नाही. शिवाय बक्षिसी म्हटली की त्यानेच आमचे उपकार मानायचे! घेतले ते ज्या जागी घेतले त्याच जागी परत करावे लागते.

म्हणून लातूरला आल्यावर आम्ही घरच्या मंडळींना आणि त्याच दोन शेजाऱ्यांना बोलावले. कमान आमच्या हातून वाकली होती, हे त्यांच्यासमोर सांगितले, पैसे परत केले आणि चालकाची क्षमा मागितली. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “साहेब, त्या दिवशी दोरी पाहिली तेव्हाच मला कळलं होतं. पण तुम्ही विचारलं नाही.”

या उत्तरात क्षमा होती की तक्रार, हे आम्हाला आजही ठरवता आलेले नाही. बहुधा दोन्ही असावीत, आणि दोन्हींवर त्याचा अधिकार होता.

हूड आता नीट बसते. मात्र चुकीच्या घडीने पडलेली एक मुरड कापडावर राहून गेली आहे. ती जाणार नाही, असे कारागिराने तेव्हाच सांगितले होते. हूड पाडताना चालक एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला उभे असतो. त्या मुरडीपाशी आलो की आमचा हात आपोआप थांबतो, आणि आम्ही त्याला विचारतो, “तुमच्या बाजूला काही अडते आहे का?”