शारंगधरा, हंगामाचा हिशेब

शारंगधरा, आज कोजागिरी. अंगणातल्या चुलीवर दूध आटत ठेवलंय आणि मी मेहकरकडे, तुझ्या देवळाच्या दिशेला तोंड करून बसले आहे. मृगाआधी तुझ्या पायाशी आले होते. त्यानंतरचे चार महिने वावर आणि घर यांतच गेले. सोयाबीन सोंगून झालं, सुडी ताडपत्रीखाली झाकली, मळणीयंत्राचा आपला नंबर परवा आहे. बटईनं वावर करणारा माणूस पीक निघालं की मालकापुढं बसून हिशेब देतो. ही तीन लेकरं तुझी, मी बटईवाली. म्हणून आज बसले आहे.

धाकटीचं आधी सांगते. दुसरीत आहे. पेरणीच्या वेळी तिचे पुढचे दोन दात होते, निंदणापर्यंत दोन्ही पडले आणि आता एक अर्धा वर आलाय. आषाढात तिला जोडाक्षरं जमली नि तेव्हापासून तिच्या वाचनातून काही सुटत नाही. बियाण्याची बॅग, खताचं पोतं, फवारणीच्या डब्यावरची लाल सूचना, सगळं मोठ्यानं वाचते. डब्यावरचं ‘विष’ वाचून ती बापाच्या मागं लागली, तोंडाला रुमाल बांधा म्हणून. त्यांनी बांधला. आम्ही इतकी वर्षं सांगत होतो ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

श्रावणात गजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परत येताना लोणारवरून मेहकरला आली, तेव्हा आम्ही पाणी वाटायला गेलो होतो. शेगावहून निघून पंढरपूर गाठायचं आणि परत यायचं, सगळं पायी. एका म्हाताऱ्या वारकरी बाबांच्या बोटांना चिखल्या झाल्या होत्या. ही त्यांच्याकडे बघत उभी राहिली, मग माझ्या पिशवीतली खोबरेलाची बाटली काढून त्यांच्यापाशी जाऊन बसली. मी सांगितलं नव्हतं, देवा. हिशेबात हे मी तुझ्या वाट्याला घालते.

तिचा एक प्रश्न मात्र माझ्याजवळ पडून आहे. नवरात्रात कमळजा देवीच्या दर्शनाला आम्ही लोणारच्या सरोवरात उतरलो. सासूबाईंनी लवणासुराची गोष्ट सांगितली, तू दैत्यसूदन होऊन त्याला कसं मारलंस ती. मधल्यानं शाळेतलं सांगितलं, की आकाशातून उल्का आदळली आणि काळ्या खडकात पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं आणि शास्त्रज्ञांनी त्याचं कारण खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांत शोधलं, तेही त्यानंच सांगितलं. धाकटीनं दोन्ही नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘एवढा मोठा दगड पडला तेव्हा देव बाजूला झाला होता का?’ सासूबाई रागावल्या. मला उत्तर आलं नाही. मी तिला म्हटलं, तूच शोध. माझं चुकलं असेल तर मला सांग, पण तिचं विचारणं बंद करू नकोस. शाळेत नाही, सासरी नाही, तुझ्यापुढंही नाही.

आता मधल्याचं. हे मला कठीण जाणार आहे.

तो आठवीत आहे. या हंगामात त्यानं पहिल्यांदा डवरा धरला आणि तास वाकडं जाऊ दिलं नाही. बापाची चप्पल त्याला येते. आवाज फाटलाय, त्यामुळं की काय, बोलणंच कमी झालंय. पूर्वी शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आत सगळा दिवस सांगून व्हायचा. आता विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतो आणि गोठ्यात जाऊन बैलापाशी बसतो.

सोंगणीच्या वेळी मजूर मिळाले नाहीत. वर आभाळ भरलेलं. शेंगा वाळलेल्या, एक सर पडली असती तर दाण्याला जागेवर कोंब फुटले असते. मी त्याला चार दिवस शाळेतून घरी ठेवलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि विळा घेऊन आमच्या पुढं चालला. चौथ्या दिवशी संध्याकाळी मला कळलं की त्यात त्याची घटक चाचणी गेली. त्यानं सांगितलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, ‘सांगितलं असतं तर तू एकटी सोंगत बसली असतीस.’

शारंगधरा, सोयाबीन वाचलं. पण ते चार दिवस माझ्या नावावर लिही, त्याच्या नको. डिसेंबरात त्याची एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. पास होऊन यादीत आला तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. माझ्यासारखीला ते तीन क्विंटल सोयाबीनच्या पैशाइतके वाटतात. वर त्यांना पाऊस लागत नाही, बाजार पडत नाही. तरी पैशासाठी मागत नाही. एकदा तरी त्याला कळू दे की तो विळ्यापेक्षा मोठा आहे. नाही आला यादीत तर मला त्याच्याजवळ गप्प बसता येऊ दे. बैलाला जमतं ते आईला जमावं एवढंच.

त्याच्या अबोल्याची भीती वाटते तेव्हा मी तुझाच विचार करते. १८८८ मध्ये खोदकामात तू मेहकरच्या मातीतून वर आलास, काळ्या पाषाणाचा, अकरा फुटांचा. त्याआधी कितीक पिढ्या तुझ्या डोक्यावरून चालत गेल्या असतील, कुणाला पत्ता नव्हता. खाली तू होतासच. माझ्या लेकराच्या आतही जे आहे ते आहेच, हे मला विसरू देऊ नकोस. आणि मी कुदळ घेऊन धावले तर माझा हात धर.

आमच्या जिल्ह्यात आईपणाचं ओझं जरा जास्त असतं, देवा. इथून सिंदखेडराजा जवळ, जिथं १५९८ मध्ये जिजाऊ जन्मल्या. दर १२ जानेवारीला शाळेत कुणी तरी आम्हा बायांना सांगतं, जिजाऊंसारख्या व्हा. मी त्या माऊलीपुढं दरवर्षी डोकं टेकते. थोरली लहान असताना नऊवारी नेसून भाषणाला उभी राहिली होती, तेव्हा मला रडू आवरलं नव्हतं. पण मला राजा घडवायचा नाही. माणसाला पाणी देताना त्याचे पाय दिसावेत, आईला एकटीनं सोंगायला लागू नये म्हणून पोरानं कळ सोसावी, एवढं घडलं तर मला पुष्कळ. त्यातलं काही घडलंय. तूच घडवलंस.

थोरली बारावीला आहे. पहाटे साडेचारला उठते. मानव विकासच्या निळ्या बसनं कॉलेजला जाते. मुलींना ती फुकट आहे म्हणून आमच्या गावच्या सात जणी शिकताहेत, नाही तर दहावीनंतर घरीच राहिल्या असत्या. ऑगस्टात ओढ्याला पूर आला त्या दिवशी साती जणी चार किलोमीटर चिखल तुडवत आल्या. हिनं पुस्तकं ओढणीत गुंडाळून डोक्यावर धरली होती. ती भिजली, पुस्तकं कोरडी.

तिला कृषीला जायचंय. हे तिनं पोळ्याच्या दिवशी सांगितलं. बापाला वाटत होतं कॉम्प्युटर, पुणं. मला काय वाटलं ते तुला खरं सांगते. माझ्या पोटात कालवलं. जिचा हात मातीतून सुटावा म्हणून मी अठरा वर्षं माती उपसली, तिला मातीच शिकायची आहे. ती म्हणाली, ‘आई, आपल्या वावरात दरवर्षी तेच बियाणं, तोच रोग, तीच फवारणी. कुणाला तरी कळायला पाहिजे ना, का ते.’ यावर मी काय बोलणार?

अक्षय्य तृतीयेला तिचे आजोबा जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीची वाट बघतात. अठरा धान्यं मांडतात, चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात, आणि दुसऱ्या पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणता दाणा कुठं सरकला, यावरून पाऊस-पीक सांगतात. लेकरांची घटमांडणी कुणी करत नाही. तिचा नंबर अकोल्याला लागेल की परभणीला, राहुरीला की दापोलीला, मला कळणार नाही. अकोला मिळालं तर मी तुला पेढे आणीन. दापोली मिळालं तरी आणीन, पण ते रडत आणीन.

रस्त्याची भीती आहे, ती तुझ्या पायाशी ठेवते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. शिकायला, नोकरीला निघालेली तरणी लेकरं होती त्यात. त्यांच्या आयांनीही डबे भरून दिले असतील, ‘पोचल्यावर फोन कर’ म्हटलं असेल. आज चंद्र वर आलाय तो त्यांच्याही अंगणात आलाय, देवा. आधी त्यांच्याकडे बघ. मग माझ्या पोरीच्या वाटेकडे.

तिकडे अंगणात भुलाबाईची गाणी चालली आहेत. आज शेवटचा दिवस. महिनाभर धाकटी गल्लीतल्या पोरींना घेऊन घरोघर गेली. थोरली यंदा एकदाही गेली नाही, खोलीत दिवा लावून गणितं सोडवत होती. आणि खरं सांगते, मीच धाकटीला म्हणत होते, ताईला हाक मारू नको. आज खिरापतीचा डबा हलवून सगळ्या पोरी ओळखत होत्या. चिवडा नाही, लाडू नाही, फुटाणे नाहीत. कुणाला येईना. तेवढ्यात खोलीतून आवाज आला, ‘मुरमुऱ्याची चिक्की, खाली दोन पेरूही आहेत.’ पुस्तकातलं बोट न काढता ती दारात येऊन उभी होती. बरोबर होतं. मी तसाच डबा भरायची, ती दुसरीत असताना.

दूध आटलं. जायफळ किसायचं राहिलंय. मधला गोठ्यात आहे, त्याला बोलावून आणते.