शिकवणीचे मोल सांगताना

समजा, जबलपूरजवळ बरगीत राहणारी एक साधिका आहे. दिवसा शाळेतली नोकरी, संध्याकाळी दोन तास ऑनलाइन फ्रेंचची शिकवणी. घराला या जोडउत्पन्नाची गरज आहे. पण नवा विद्यार्थी फी विचारतो, तेव्हा तिची जीभ अडखळते. विद्या ही देण्याची गोष्ट, तिचा भाव कसा सांगायचा? मग ती म्हणते, “तुम्हाला योग्य वाटेल ते द्या.” सत्संगात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांचे उत्तर हेच असेल. ते नम्र वाटते. खरोखर तसे आहे का, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

तिचा संकोच जुना आहे. मनुस्मृतीने आचार्य आणि उपाध्याय यांत भेद केला. उपजीविकेसाठी वेदाचा एखादा भाग शिकवतो तो उपाध्याय, आणि आचार्याचे स्थान त्याहून कितीतरी वरचे. वेतन ठरवून शिकवणाऱ्याला तर श्राद्धाच्या पंक्तीतूनही वगळले. पण हा नियम ज्या व्यवस्थेतला आहे, तिथे शिष्य गुरूच्या घरी राहून सेवा करीत असे आणि राजा विद्वानांना पोसत असे. आज त्यातले काहीच उरलेले नाही. विजेचे बिल आचार्यालाही येते.

दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो, त्यामागे कौत्साची कथा सांगतात. कालिदासाच्या रघुवंशातही ती आहे. गुरू वरतंतू आधी दक्षिणा नको म्हणतात. तुझी सेवा हीच दक्षिणा. कौत्स पुन्हा पुन्हा आग्रह धरतो. तेव्हा गुरू संतापतात आणि त्याच्या दारिद्र्याचा विचारही न करता चौदा विद्यांचे चौदा कोटी मागतात. या प्रसंगाकडे आपण कौत्साच्या निष्ठेची कथा म्हणूनच पाहतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: आधी “काही नको” आणि मग रागाच्या भरात ठरलेली रक्कम. “वाटेल ते द्या” म्हणणाऱ्या शिक्षकाचेही पुष्कळदा असेच होते. पाकिटात अपेक्षेपेक्षा कमी निघाले की मन खट्टू होते, शिकवण्यातला जीव कमी होतो आणि विद्यार्थ्याला बिचाऱ्याला कारणही कळत नाही. अपेक्षा होतीच, फक्त ती बोलून दाखवली नव्हती. या मौनाला निरिच्छता म्हणता येत नाही. आणि खरोखर अपेक्षा नसेल, तर सरळ “फी नाही” असे सांगावे.

त्याच कथेचा उत्तरार्ध दराच्या प्रश्नाला थेट भिडतो. रघूने विश्वजित यज्ञात सर्वस्व दिले होते; अर्घ्य द्यायला त्याच्याकडे मातीचे पात्र उरले होते. तरी त्याच्या कोषागारात सोन्याचा वर्षाव झाला आणि ते सारे त्याने कौत्साला देऊ केले. कौत्साने चौदा कोटींपलीकडे एक नाणे घेतले नाही. देणाऱ्याजवळ किती आहे, यावर त्याने आपले घेणे ठरवले नाही.

फ्रेंचच्या बाबतीत हा मोह अगदी खरा आहे. कॅनडाने २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्या स्थलांतरितांसाठी स्वतंत्र निवडफेऱ्या सुरू केल्या. तेव्हापासून वय वाढण्याच्या आत परीक्षा द्यायला निघालेला, धास्तावलेला विद्यार्थी शिक्षकासमोर येऊन बसतो. तो मागाल ते देईल. त्याची घाई पाहून दर दुप्पट करणे कायद्यात बसते. अस्तेयात बसत नाही. वर्गाचा तास, तयारी, वह्या तपासणे, इंटरनेट यांचा हिशेब करून दर ठरवावा आणि तो पहिल्या दिवशी सांगावा. तासाला चारशे म्हणजे शंभर तासांचे चाळीस हजार, हेही तेव्हाच सांगावे. समोर बसलेल्याची भीती या हिशेबात येऊ देऊ नये. उलट नोकरीचा आधार आहे म्हणून शंभर रुपयांत शिकवायलाही घाई नको. शेजारी एखादी केवळ शिकवणीवर घर चालवत असेल, तर आपले औदार्य तिच्या ताटातून जाते.

राहिला नोकरीचा प्रश्न. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत नेमका हाच वाद पेटला होता. आजीव सदस्याने सगळा वेळ संस्थेला दिला आहे, म्हणून बाहेरची कमाईही संस्थेचीच, असे टिळकांचे म्हणणे. इतरांना ते पटले नाही आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. त्यानंतर काही काळ त्यांचा चरितार्थ कायद्याच्या खासगी वर्गावर चालला. यात विसंगती शोधणारे शोधोत. पैसे घेऊन शिकवण्याला त्यांचा विरोध नव्हता. एकदा दिलेला वेळ पुन्हा विकण्याला होता. म्हणून आपल्या साधिकेने नोकरीचे नियम आधी वाचावेत आणि शाळेतल्या स्वतःच्याच विद्यार्थ्यांना शिकवणीला घेऊ नये.

आणि दान? बरगी धरणाने १६२ गावे बाधित झाली. त्यांतल्या एखाद्या घरातली मुलगी फ्रेंच शिकू म्हणाली, तर तिच्याकडून काही घेऊ नये. मात्र तिची फी इतरांच्या दरात मिसळू नये. ती आपल्या हिशेबात, आपल्या खर्चाच्या बाजूला लिहावी. वर्गातल्या बाकीच्यांना ती कोण, हे कळण्याचे कारण नाही.